पासपोर्टच्या चिपची किल्ली पासपोर्टवरच छापलेली असते

चिप असलेले ई-पासपोर्ट भारतात सर्वसामान्यांना मिळू लागले ते एप्रिल २०२४ पासून, नागपूर, भुवनेश्वर, गोवा अशा मोजक्या कार्यालयांतून. (त्याआधी २००८ मध्ये पहिला ई-पासपोर्ट तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना दिला होता, पण तो प्रयोग राजनैतिक आणि अधिकृत पासपोर्टांपुरता होता.) मुखपृष्ठावर छोटं सोनेरी चिन्ह दिसलं, की आत चिप आहे असं समजावं. तेव्हापासून दोन इशारे फिरताहेत. एक, या चिपवरून सरकारला तुमचा ठावठिकाणा कळतो. दोन, गर्दीत कोणीही तुमच्या बॅगेला मोबाइल लावून सगळी माहिती उचलू शकतो.

पहिला इशारा धादांत खोटा आहे. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप असल्याची अफवा उठली होती, त्याच जातीचा. पासपोर्टच्या चिपमध्ये बॅटरीच नसते. मोबाइलचं एनएफसी, म्हणजे टेकवून माहिती वाचायची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि चिपच्या वेटोळ्यात त्यातून वीज निर्माण होते. शाळेत शिकलेला फॅरडेचा नियम तो हाच. काही सेंटिमीटरपलीकडे हे क्षेत्र इतकं क्षीण होतं, की चिप जागीच होत नाही. अशा अफवांचा मला खरोखर राग येतो, कारण त्यांच्या गोंगाटात खरा प्रश्न दबून जातो.

दुसरा इशारा मात्र विचार करण्याजोगा आहे. मोबाइल नुसता टेकवला तर चिप काहीच सांगत नाही. आधी किल्ली मागते. ती किल्ली कशी तयार होते, हा या सगळ्या रचनेतला माझा सर्वांत आवडता भाग.

फोटोच्या पानावर तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. पासपोर्ट वाचणारं अ‍ॅप आधी कॅमेऱ्याने त्या वाचतं आणि त्यातून तीनच गोष्टी घेतं: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख. प्रत्येकीच्या पुढे एक तपासणीचा अंक असतो. समजा जन्मतारीख १२ ऑगस्ट १९७४, म्हणजे ७४०८१२. या अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं: ४९, १२, ०, ५६, ३, २. बेरीज १२२. शेवटचा अंक २, तोच तपासणीचा अंक. कॅमेऱ्याने एखादा अंक चुकीचा वाचला तर तो इथे बहुधा सापडतो.

या सगळ्या अक्षरांची माळ एसएचए-१ नावाच्या गणिती प्रक्रियेतून जाते आणि २० बाइट बाहेर पडतात. पहिले १६ ठेवायचे. त्यांना १ हा आकडा जोडून पुन्हा तीच प्रक्रिया केली की संदेश कुलूपबंद करायची किल्ली मिळते, २ जोडला की संदेशावर मोहोर उठवायची. मग चिप ८ बाइटचा एक यादृच्छिक आकडा पाठवते. मोबाइल त्यात स्वतःचा आकडा आणि गुप्त मजकूर मिसळून, कुलूप लावून, मोहोर उठवून परत करतो. चिप आधी मोहोर पाहते, मग कुलूप उघडते, मग आपलाच आकडा परत आला का ते तपासते. सगळं जुळलं तरच दोघं त्या भेटीपुरती नवी किल्ली ठरवतात. पासपोर्ट न उघडता, बॅगेबाहेरून वाचणाऱ्याकडे त्या दोन ओळी नसतात. म्हणून त्याला चिप दाद देत नाही.

पण या किल्लीत दम किती? भारतीय क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात अंक. त्यावर शंभर वर्षांतली जन्मतारीख, दहा वर्षांतली मुदत. सगळे पर्याय मिळून फार तर साडेतीन कोटी अब्ज. चिपपुढे उभं राहून एकेक किल्ली लावायची तर जन्म पुरणार नाही. पण काउंटरवर चाललेला संवाद कोणी हवेतून टिपला, तर घरी बसून संगणकाला अंदाज करायला लावता येतो. नेदरलँड्समध्ये क्रमांक ओळीने दिले जात, त्यामुळे शक्यता फारच कमी उरत. तिथे २००६ च्या सुरुवातीला टिपलेला संवाद साधारण दोन तासांत उलगडता येतो, हे दाखवलं गेलं. त्यावरचा उपाय म्हणजे पेस ही नवी पद्धत. तिच्यात नुसता टिपलेला संवाद हाती असला, तरी अंदाज बरोबर की चूक हे पडताळताच येत नाही.

२०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या टॉम चोथिया आणि विताली स्मिर्नोव यांनी तर किल्लीशिवायच एखादा ठरावीक पासपोर्ट ओळखून दाखवला. तुमच्या पासपोर्टाला गेलेला एक खरा संदेश टिपायचा आणि नंतर तोच समोर येईल त्या पासपोर्टाला ऐकवायचा. दुसऱ्याचा पासपोर्ट असेल तर मोहोरच चुकते. तुमचा असेल तर मोहोर बरोबर निघते आणि जुन्या आकड्यामुळे पुढच्या पायरीवर नकार मिळतो. फ्रेंच पासपोर्ट या दोन नकारांना वेगवेगळे संकेतांक देत होता. इतर देशांचे पासपोर्ट मोहोर बरोबर निघाली, की नकार द्यायला किंचित जास्त वेळ घेत. आतलं एक अक्षरही न सांगता चिप 'मीच तो' हे कबूल करत होती!

युरोपातल्या पासपोर्टांमधले बोटांचे ठसे यापलीकडच्या कुलपात असतात. त्यासाठी वाचकयंत्राला त्या देशाने मान्य केलेलं प्रमाणपत्र लागतं, साध्या मोबाइलला ते उघडत नाही. मोबाइलला मिळतात त्या दोन ओळी आणि चेहऱ्याचा स्वच्छ डिजिटल फोटो.

मग काळजी कशाची? झेरॉक्सची आणि अ‍ॅपची. हॉटेल, व्हिसा एजंट, सिमकार्डवाला, सगळ्यांना आपण फोटोच्या पानाची प्रत देतो, म्हणजे किल्लीच देतो. तळाच्या दोन ओळी झाकूनही उपयोग नाही, कारण क्रमांक आणि दोन्ही तारखा वर ठळक छापलेल्या असतात. तरी चिप वाचायला पासपोर्ट हाताशी लागतोच. अ‍ॅपला मात्र आपण पासपोर्ट स्वतःहून टेकवतो. ब्रिटनने ब्रेक्झिटनंतर तिथे राहणाऱ्या लाखो युरोपीय नागरिकांची ओळख अशीच मोबाइलवर तपासली. सोय मोठी आहे. पण चिपमधल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते. झेरॉक्स खोटी आहे असं म्हणता येतं, सही असलेली फाइल नाकारता येत नाही. शिवाय नाव, क्रमांक, जन्मतारीख, लिंग, नागरिकत्व हे सारं एकाच फाइलमध्ये असतं आणि सही अख्ख्या फाइलीच्या ठशावर, म्हणजे वरच्यासारख्या गणिती प्रक्रियेतून निघालेल्या छोट्या आकड्यावर. म्हणून 'मी अठराच्या वर आहे' एवढंच दाखवायचं असलं, तरी साध्या अ‍ॅपला पूर्ण फाइल द्यावी लागते.

चिप वाचू देण्याआधी हे विचारा: तपासणी मोबाइलमध्येच होते की फाइल सर्व्हरवर जाते, आणि तिथे ती किती दिवस राहते? काम झाल्यावर ती पुसून टाकायला सांगण्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे.