पट्टा जितका घट्ट, तितकी वीज जास्त? नाही!

कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत वर्षानुवर्षं एक समज पक्का आहे: डिझेल इंजिनावर पट्ट्याने चालणाऱ्या जनरेटरचे दिवे मंद झाले की पट्टा ताणायचा. हा समज चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) अल्टरनेटरला, म्हणजे जनरेटरच्या वीज तयार करणाऱ्या भागाला, ५० हर्ट्झसाठी (आपल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं) मिनिटाला १५०० फेरे लागतात. ते ठरतात इंजिनाचा वेग आणि दोन्ही पुलींच्या मापावरून. इंजिन १००० फेऱ्यांचं असेल, तर त्याची पुली अल्टरनेटरच्या दीडपट हवी. पट्टा घसरत असेल तर वेग पडतो, हे खरं. पण घसरणं थांबल्यावर आणखी ताणून काहीच मिळत नाही. उलट सगळा ओढा बेअरिंगवर येतो. ते तापतं, घरघरतं, शेवटी शाफ्टलाही मार बसतो.

व्ही पट्टा (व्ही आकाराच्या छेदाचा) पुलीच्या खाचेच्या तळावर नाही, दोन्ही बाजूंवर पकडतो. त्यामुळे खाच झिजून पट्टा तळाला टेकला, की कितीही ताणा, घसरणारच. तिथे पुलीच बदलावी लागते. मशीन पूर्ण बंद करून दोन्ही पुलींच्या कडेला दोरी लावून पाहा. प्रत्येक पुलीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे चारही ठिकाणी ती टेकली पाहिजे. दोन पुलींमधलं अंतर मीटरभर असेल तर पट्टा मधोमध दाबल्यावर साधारण १६ मिलिमीटर दबावा. नवा पट्टा सुरुवातीला सैलावतो, म्हणून दिवसभर चालल्यावर पुन्हा तपासा.

आणि कृपा करून, पट्ट्यावरची जाळी काढून जनरेटर चालवू नका. ओढणी किंवा बाही अडकायला क्षणही लागत नाही. बंद गाळ्यात तर तो मुळीच नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.