केटरिंगची माणसं: चामडं आणि चॅपल

१८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. (हे श्रीरामपूर हुगळीकाठचं, कलकत्त्याच्या वर, आपल्याकडचं साखर कारखान्यांचं नव्हे.) त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापले होते. कोशकार होते विल्यम कॅरी. त्याआधी पाच वर्षांपूर्वी त्यांचं मराठी व्याकरणही छापून झालं होतं. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना कॅरींचं नाव सुरुवातीच्या पानांवर येतं आणि त्यापुढे बहुधा 'इंग्लंडहून आलेले मिशनरी' एवढंच लिहिलेलं असतं. इंग्लंडात नेमके कुठून आले, हे विचारायची गरज कुणाला फारशी पडत नाही. पण ज्या साखळीतून हा माणूस बंगालपर्यंत पोचला, तिचं एक टोक नॉर्दम्प्टनशायर परगण्यातल्या केटरिंग या बाजारगावात आहे.

केटरिंग लंडनपासून सुमारे १३० किलोमीटरवर, उत्तरेला. तिथे राजवाडा नाही, विद्यापीठ नाही, मोठं बंदर असायचा प्रश्नच नाही. तरी या गावाशी संबंधित नामवंतांची यादी काढली तर ती चांगलीच लांबते: हिब्रूचा पंडित, गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक, दोन चित्रकार, एक वास्तुविशारद, बागेतले झोपाळे बनवणारा इंजिनिअर. अशा यादीत नावं एकमेकांशेजारी नुसती उभी असतात. केटरिंगची यादी तशी वाचली तर तिच्यातली गंमतच हरवते, कारण यातली बरीच माणसं एकमेकांना नात्यानं, पैशानं किंवा मतभेदानं बांधलेली आहेत. आणि बहुतेकांच्या मागे दोनच गोष्टी दिसतात, जोडे शिवायचा धंदा आणि सरकारी चर्चच्या बाहेरचं चॅपल.

चॅपलपासून सुरुवात करू. १६६२ साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं कायदा केला की प्रत्येक पाद्र्यानं ठरवून दिलेलं प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं मान्य करावं. ज्यांनी नकार दिला त्यांना चर्च सोडावं लागलं. केटरिंगचे पाद्री जॉन मेडवेल त्यांपैकीच एक. ते चर्चबाहेर पडले आणि त्यांना मानणाऱ्या माणसांनी गावातच आपली वेगळी उपासना सुरू ठेवली. अशा लोकांना 'डिसेंटर' म्हणत. त्यांना गावच्या कारभारात अधिकृतपणे जागा नव्हती. ऑक्सफर्ड त्यांना प्रवेश देत नसे आणि केम्ब्रिज पदवी देत नसे. ही बंधनं पूर्ण उठायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. मग हुशार मुलानं करायचं काय? धंदा करायचा, आणि घरी बसून वाचायचं. केटरिंगच्या पुढच्या दीडशे वर्षांतला बराच भाग या एका अडवणुकीतून निघतो, असं मला वाटतं.

१६९६ मध्ये मेडवेल यांच्या मंडळीतून विल्यम वॉलिस यांच्याभोवती एक छोटा गट फुटून निघाला. त्याला 'लिट्ल मीटिंग' म्हणत. या गटातल्या एडवर्ड गिल यांना पुढच्याच वर्षी मुलगा झाला. तो जॉन गिल (१६९७–१७७१), या गावचं पहिलं मोठं नाव. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली, कारण शिक्षक मुलांना जबरदस्तीनं सरकारी चर्चच्या प्रार्थनेला नेत. मग पोरगा बाजाराच्या दिवशी पुस्तकवाल्याच्या दुकानात ठाण मांडून बसू लागला, इतका नेमानं की एखादी गोष्ट पक्की असली की गावकरी म्हणत, 'गिल पुस्तकांच्या दुकानात असणार, तितकंच नक्की.' लॅटिन, ग्रीक, हिब्रू तो असाच शिकला. पुढे लंडनच्या साउथवर्क भागात पन्नास वर्षांहून जास्त काळ त्यानं उपदेश केला आणि बायबलच्या प्रत्येक पुस्तकावर भाष्य लिहिलं.

गिलची शिकवण मात्र कडक होती. कुणाचा उद्धार व्हायचा हे देवानं आधीच ठरवलेलं आहे. तेव्हा उपदेशकानं सरसकट सगळ्यांना 'या, विश्वास ठेवा' असं आमंत्रण देणं योग्य नाही. ही भूमिका त्याच्या अनुयायांनी आणखी ताणली आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिलच्या पंथाच्या, म्हणजे बॅप्टिस्ट (जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणारे डिसेंटर), मंडळ्या बऱ्याचशा आपल्यातच मिटून गेल्या. या मताला सगळ्यात मोठा धक्का देणारा माणूसही नेमका केटरिंगमध्येच येऊन बसला, तेही गिलच्या वडिलांच्या त्याच लिट्ल मीटिंगच्या गादीवर.

अँड्र्यू फुलर (१७५४–१८१५) मूळचे केम्ब्रिजशायरचे, शेतकऱ्याचा मुलगा, तरुणपणी कुस्ती खेळलेला अंगापिंडानं दणकट गडी. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. १७८२ च्या अखेरीस ते केटरिंगला आले आणि मरेपर्यंत तिथंच राहिले. १७८५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून मांडलं की विश्वास ठेवणं हे प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे, म्हणून आमंत्रणही प्रत्येकालाच द्यायला हवं. बाहेरच्याला हा शब्दांचा कीस वाटेल. पण 'प्रत्येकाला' हा शब्द एकदा मान्य केला की पुढचा प्रश्न दाराशी येऊन उभाच राहतो: प्रत्येकाला म्हणजे बंगालमधल्यालासुद्धा का?

तो प्रश्न सगळ्यात चिवटपणे विचारणारा माणूस जोडे शिवत होता. विल्यम कॅरींचा जन्म १७६१ चा, त्याच परगण्यातल्या पॉलर्सपरी खेड्यातला. वडील विणकर, पुढे शाळामास्तर. मुलाला जोडे शिवायच्या कामावर बसवलं. या धंद्याविषयी इथे दोन शब्द लिहायला हवेत. केटरिंग आधी लोकरी कापडाचं गाव. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काम घसरलं आणि १७७० च्या दशकात टॉमस गॉच यांनी तिथे जोड्यांचा कारभार सुरू केला. तेव्हा कारखाना म्हणजे एका छपराखालची यंत्रं नव्हेत. व्यापारी चामडं द्यायचा, कारागीर आपापल्या घरी रापी-आरी चालवायचे आणि तयार जोडे परत आणून द्यायचे. कामाला आवाज फार नाही, डोकं मोकळं राहतं, शेजारी पुस्तक उघडं ठेवता येतं. इंग्लंडात जोडे शिवणारे वाचणारे आणि वाद घालणारे म्हणून प्रसिद्ध होते, ते उगाच नाही.

कॅरी मोल्टन गावी चॅपलमध्ये उपदेश करत, शाळा चालवत, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून जोडे शिवत. ते जोडे जात गॉच यांच्याकडे. गॉच फुलरांच्याच मंडळीतले. त्यांनी कॅरींना सांगितलं की माझं चामडं आणखी वाया घालवू नकोस, भाषा शिक, मी आठवड्याला दहा शिलिंग देत जाईन. हा किस्सा कॅरींच्या चरित्रांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, त्यामुळे त्यावर थोडी कल्हई चढली असणार. पण जोडे घेणारा व्यापारी आणि शिवणारा कारागीर एकाच पंथाचे असल्यामुळे हे घडू शकलं, ही त्यातली खरी गोष्ट. विद्यापीठाची दारं बंद असलेल्या समाजानं आपली शिष्यवृत्ती चामड्याच्या हिशेबातून काढली.

२ ऑक्टोबर १७९२ ला केटरिंगमध्ये बीबी वॉलिस यांच्या विधवेच्या घरी मागच्या खोलीत चौदा जण जमले. हे बीबी वॉलिस लिट्ल मीटिंग काढणाऱ्या विल्यम वॉलिस यांच्याच घराण्यातले. त्या दिवशी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. प्रत्येकानं किती देणार ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठ्या फुलरांच्या तपकिरीच्या डबीत टाकल्या. एकूण आकडा १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. कॅरींकडे द्यायला काहीच नव्हतं. फुलर सेक्रेटरी झाले. पुढे ते सांगत की हे काम खोल खाणीत उतरण्यासारखं होतं. कॅरी म्हणाले मी खाली उतरतो, पण वरचा दोर तुम्ही सोडायचा नाही. फुलरांनी तो तेवीस वर्षं सोडला नाही. वर्गणीसाठी देशभर वणवण केली, स्कॉटलंडच्या फेऱ्या केल्या. १८१२ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरचा छापखाना जळाला, खिळे वितळले, हस्तलिखितांची राख झाली, तेव्हा दोनेक महिन्यांत सुमारे दहा हजार पौंड उभे राहिले.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. म्हणून १७९३ मध्ये कॅरी डॅनिश जहाजानं आले आणि १८०० पासून त्यांनी मुक्काम केला तोही डॅनिशांच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात. पण त्याच कंपनीला आपल्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला माणूस हवा होता. १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजनं कॅरींना बंगालीसाठी बोलावलं. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. मराठी ते शिकले कलकत्त्यात बसून, पंडित वैजनाथ शर्मा यांच्याकडून. वैजनाथ नागपूरकडचे. 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) ही श्रीरामपूरला छापलेली मराठी गद्य पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. कोश-व्याकरणाचं सगळं श्रेय एकट्या कॅरींच्या पदरात टाकणं मला पटत नाही. पंडिताशिवाय त्यातलं एक पान उभं राहिलं नसतं. मराठी मुलखापासून इतक्या दूर बसून केलेल्या कामाला मर्यादा होत्याच. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी श्रीरामपूरचं मराठी बायबल बाजूला ठेवून भाषांतर स्वतः नव्यानं केलं, आणि १८३१ चा मोल्सवर्थ कोश आल्यावर कॅरींचा कोश अभ्यासकांच्या कपाटात गेला.

याची आणखी एक बाजू केटरिंगला कुणी फारशी सांगत नाही. कॅरींची पहिली पत्नी डॉरथी नाखुशीनंच निघाली होती. बंगालमध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला, तिचं मन फिरलं ते पुन्हा ताळ्यावर आलं नाही. १८०७ मध्ये ती वारली. कॅरी १८३४ पर्यंत जगले आणि इंग्लंडला एकदाही परतले नाहीत. फुलर गेल्यावर सोसायटीचा कारभार केटरिंगहून सुटून लंडनला गेला, नव्या कमिटीचं आणि श्रीरामपूरकरांचं मालमत्तेवरून वाजलं, आणि १८२७ मध्ये दोघं वेगळे झाले.

दोर मात्र दुसऱ्या बाजूलाही गेला होता. १७९२ मध्ये मिशनसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत कॅरींनी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख केला होता. साखर गुलामांच्या श्रमाची, आणि तिचे वाचलेले पैसे सत्कार्याला द्यावेत. विल्यम निब (१८०३–१८४५) केटरिंगमध्येच जन्मले. ब्रिस्टलला ते छपाई शिकले, तीही फुलरांच्या मुलाच्या छापखान्यात. मोठा भाऊ टॉमस जमैकात शिक्षक होता, तो तिथे वारला. त्याची जागा घ्यायला निब निघाले आणि १८२५ मध्ये पोचले.

सोसायटीची त्यांना सूचना होती की राजकारणात पडू नका. १८३१ च्या नाताळात जमैकातल्या गुलामांनी काम बंद करून उठाव केला. नेता सॅम शार्प, स्वतः गुलाम आणि बॅप्टिस्ट मंडळीचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा पदाधिकारी. मळेवाल्यांनी ३०० हून अधिक माणसं मारली, शार्पना १८३२ च्या मे महिन्यात फाशी दिलं, बॅप्टिस्ट चॅपलं पाडली, निबना अटक केली. सुटल्यावर निब इंग्लंडला आले आणि सूचना बाजूला ठेवून सभांमधून, मग पार्लमेंटच्या समित्यांपुढे, डोळ्यांनी पाहिलेलं सांगत सुटले. १८३३ मध्ये गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. पैशाची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना आणखी काही वर्षं 'शिकाऊ' म्हणून राबावं लागलं. ती मुदतही संपली तेव्हा, ३१ जुलै १८३८ च्या मध्यरात्री, जमैकातल्या फाल्मथमध्ये निब यांच्या मंडळीनं साखळी, चाबूक आणि गळ्यातलं लोखंडी कडं शवपेटीत घालून पुरलं. १९८८ मध्ये जमैकानं निबना मरणोत्तर 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, कारखाने झाले, गाव वाढलं, आणि चामड्याचा पैसा कलेकडे वळला. टॉमस कूपर गॉच (१८५४–१९३१) हा चित्रकार त्याच गॉच घराण्यातला. वडिलांच्या जोड्यांच्या धंद्यात काही काळ काढून मग ब्रश हाती घेतलेला. भाऊ जॉन आल्फ्रेड गॉच वास्तुविशारद, ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष. निसर्गचित्रकार आल्फ्रेड ईस्ट (१८४४–१९१३) हाही जोड्यांच्या व्यापारातूनच आलेला. त्यानं आपली चित्रं गावाला दिली, वास्तुविशारद गॉचनं इमारत आखली, आणि १९१३ मध्ये केटरिंगला कलादालन मिळालं.

चार्ल्स विकस्टीड (१८४७–१९३१) बाहेरचे, लीड्सचे, पण तेही डिसेंटर युनिटेरियन पाद्र्याचे चिरंजीव. वाफेच्या नांगरांपासून सुरुवात केलेला हा इंजिनिअर. त्यांनी १९२१ मध्ये मुलांसाठी विकस्टीड पार्क उघडलं आणि त्यांच्या कारखान्यात झोपाळे, घसरगुंड्या बनू लागल्या. त्या पुढे इंग्लंडभर बागाबागांत गेल्या.

विसाव्या शतकात ही वीण सैल होते. कॉमिक्सचे चित्रकार फ्रँक बेलामी (१९१७–१९७६) इथले, कादंबरीकार जे. एल. कार (१९१२–१९९४) इथे शाळेचे मुख्याध्यापक होते आणि पुढे घरूनच खिशात मावतील अशी पुस्तकं छापत. १९७६ च्या जानेवारीत केटरिंग टाउनचा फुटबॉल संघ इंग्लंडात पहिल्यांदाच अंगावर जाहिरात घालून मैदानात उतरला. ही कल्पना संघाचे व्यवस्थापक डेरेक डूगन यांची आणि जाहिरात 'केटरिंग टायर्स'ची. फुटबॉल असोसिएशननं शब्द काढायला लावले. डूगननी 'टायर्स'मधलं पहिलं अक्षर ठेवून बाकीचं काढलं आणि 'टी म्हणजे टाउन' असं कळवलं. असोसिएशनला तेही चाललं नाही. दंडाची तंबी आल्यावर तेवढं अक्षरही उतरवावं लागलं. पुढच्याच वर्षी असोसिएशननं सगळ्या क्लबांना शर्टावर जाहिरातीची परवानगी दिली.