दिष्ट विद्युत जनित्राची पार्श्वभूमी

चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात जी धारा निर्माण होते ती मुळात प्रत्यावर्ती असते. वेटोळ्याची एक बाजू उत्तर ध्रुवासमोरून सरकते तेव्हा तिच्यातील धारा एका दिशेने वाहते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तीच बाजू दक्षिण ध्रुवासमोर आली की धारेची दिशा उलटते. दिष्ट जनित्राचे, म्हणजे एकाच दिशेची धारा देणाऱ्या यंत्राचे, वेटोळेही याला अपवाद नाही. त्यामुळे या यंत्राचा बराचसा इतिहास म्हणजे ही उलटसुलट होणारी धारा यंत्राबाहेर पडताना एकाच दिशेने कशी वाहवावी, या प्रश्नाशी चाललेली झटापट आहे.

पहिल्या जनित्राला मात्र हा प्रश्न पडलाच नव्हता. मायकेल फॅरडे यांनी 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांच्या साहाय्याने विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, 28 ऑक्टोबरला, एका शक्तिशाली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून पाहिली. चकतीच्या आसाला आणि कडेला टेकवलेल्या दोन स्पर्शकांतून मिळालेली धारा अखंड आणि एकाच दिशेची होती, कारण चकतीचा ध्रुवांमधील भाग नेहमी एकाच दिशेने क्षेत्र छेदत असे. अडचण दाबाची होती. चकती म्हणजे जणू एकच आखूड वाहक असल्यामुळे विद्युतदाब अत्यल्प मिळे आणि तो वाढवायचा तर तारेचे अनेक वेढे घेणे भाग होते; वेढे आले की त्यांच्यासोबत प्रत्यावर्ती धाराही आली.

पॅरिसमध्ये इपोलित पिक्सी यांनी 1832 मध्ये तयार केलेल्या यंत्रात नेमके हेच घडले. त्यांनी हाताने फिरवायचा नालाकृती चुंबक स्थिर वेटोळ्यांसमोर बसवला होता आणि दर अर्ध्या फेऱ्याला धारा उलटत होती. व्होल्टा यांच्या 1800 मधील विद्युतघटापासून सर्वांना स्थिर धारेचीच सवय होती आणि विद्युत विलेपनासारख्या कामांनाही तीच लागत होती; उलटणाऱ्या धारेचा उपयोग तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. आंद्रे-मारी अँपिअर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी आपल्या यंत्राला दिक्परिवर्तक, म्हणजे धारा उलटताच बाहेरची जोडणीही उलटवणारा भाग, जोडला. पुढच्या यंत्रांत स्थिरावलेले त्याचे साधे रूप म्हणजे आसावर बसवलेली दुभंगलेली कडी. वेटोळ्यातील धारा ज्या क्षणी उलटते त्याच क्षणी कडीचे अर्धे भाग आपापले ब्रश (कडीला टेकलेले स्थिर स्पर्शक) बदलतात, म्हणून बाहेरच्या परिपथात दिशा कायम राहते. या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना मला हीच वाटते, कारण वेटोळ्याचा स्वभाव न बदलता तिने केवळ जोडणी बदलली.

तरीही मिळणारी धारा सपाट नव्हती. ती शून्यापासून कमालीपर्यंत चढे आणि पुन्हा उतरे. इटलीतील अंतोनियो पाचिनोत्ती यांनी 1860 मध्ये लोखंडी कड्यावर एकमेकांना जोडलेली अनेक वेटोळी गुंडाळून प्रत्येक सांधा दिक्परिवर्तकाच्या स्वतंत्र पट्टीला जोडला. एका वेटोळ्याचा दाब उतरत असताना दुसऱ्याचा चढत असल्याने बेरीज जवळजवळ स्थिर राहते. हे काम फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. झेनोब ग्राम यांनी 1871 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तशाच कड्याचे यंत्र मांडले आणि तेथून ते कारखान्यांत पोहोचले. कड्याच्या आतल्या बाजूची तार क्षेत्र फारसे छेदत नाही, तिचा रोध मात्र वाढवते. हा दोष 1872 मध्ये फ्रीडरिश फॉन हेफनर-आल्टेनेक यांनी सगळी तार दंडगोलाच्या बाहेरील पृष्ठावर घेऊन दूर केला. आजच्या आर्मेचरची, म्हणजे जनित्राच्या फिरत्या भागाची, गुंडाळणी त्याच वळणाची आहे.

दुसरा प्रश्न चुंबकाचा होता. 1858 मध्ये इंग्लंडमधील साउथ फोरलँड दीपगृहात फ्रेडरिक होम्स यांच्या यंत्राने विद्युतदिवा लागला. पण त्या यंत्रात कायमचुंबक होते, आणि तसे चुंबक जड असून त्या मानाने दुबळे असत. वर्नर सीमेन्स यांनी 17 जानेवारी 1867 रोजी बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलेला उपाय असा होता की जनित्राने आपला विद्युतचुंबक आपल्याच धारेवर चालवावा. मऊ लोखंडात पूर्वीच्या वापरातून थोडेसे चुंबकत्व शिल्लक असते. आर्मेचर फिरू लागताच त्यामुळे क्षीण धारा उपजते, ती विद्युतचुंबकाच्या वेटोळ्यांतून वाहून चुंबकत्व वाढवते, वाढलेले चुंबकत्व धारा वाढवते आणि लोखंड संपृक्त होत आले, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावेनासे झाले, की ही वाढ आपोआप थांबते. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 14 फेब्रुवारी 1867 रोजी लंडनमध्ये हेच तत्त्व मांडले, सॅम्युअल व्हार्ली यांनी 1866 च्या डिसेंबरातच पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि हंगेरीतील आन्योश येडलिक यांना ते त्याहून काही वर्षे आधी उमगले होते, परंतु त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. मान कोणाचा, यापेक्षा महत्त्वाचे असे की या तत्त्वामुळे जनित्राचा आकार कायमचुंबकाच्या मर्यादेतून सुटला.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. एडिसन यांनी 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट केंद्रातून 110 व्होल्टची दिष्ट धारा पुरवायला सुरुवात केली. तेथील प्रत्येक जनित्र सुमारे 27 टनांचे होते. आर्मेचरच्या लोखंडातच उपजून गोल फिरणाऱ्या धारांनी, म्हणजे भोवरा प्रवाहांनी, ते तापू नये म्हणून अखंड लोखंडाऐवजी एकमेकांपासून विद्युतरोधित केलेले पातळ पत्रे वापरण्यात आले. तांब्याचे ब्रश पट्ट्यांवर ठिणग्या पाडत आणि त्यांना झिजवत; त्यांची जागा हळूहळू कार्बनच्या ब्रशांनी घेतली.

दूरच्या वहनात प्रत्यावर्ती धारेने बाजी मारल्यावरही मोटारगाड्यांत आणि आगगाड्यांच्या इंजिनांत दिष्ट जनित्रे दीर्घकाळ टिकली. 1960 नंतरच्या दशकांत धारेला एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, तेव्हा मोटारीतील दिक्परिवर्तकाचे काम त्यांच्याकडे गेले. फॅरडे यांची चकती मात्र अधूनमधून परत येत राहिली. जेथे दाब थोडा चालतो पण धारा प्रचंड लागते, तेथे तिला पर्याय कमी होते. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत मार्क ऑलिफंट यांच्या पुढाकाराने उभारलेले त्याच तत्त्वाचे जनित्र आपल्या फिरत्या चकत्यांत 500 मेगाज्यूल ऊर्जा साठवत असे.