मान आणि खांद्यामधला कोन

मागच्या महिन्यात चुलतबहिणीच्या नातीच्या बारशाला गेले होते. आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं, मागून बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि त्या गलक्यानं बाळ दचकलं. नवजात बाळ दचकलं की दोन्ही हात फाकवतं आणि मग मिठी मारल्यासारखे जवळ आणतं. या बाळाचा उजवा हात फाकला. डावा मात्र कुशीला चिकटून तसाच पडून राहिला. कोपर सरळ, हात आत वळलेला, तळवा मागे. मी त्या तळव्यावर बोट ठेवलं, तर पोरीनं ते घट्ट धरलं. म्हणजे बोटं चालत होती, पण खांदा आणि कोपर चालत नव्हते.

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. त्या एका मुठीनं मला सांगितलं की बिघाड कुठे आहे. पण खोलीत दोन निदानं आधीच झाली होती. एका मावशींच्या मते पोरीच्या आईनं ग्रहणात सुपारी कातरली होती. दुसऱ्या काकूंच्या मते डॉक्टरीणबाईंनी बाळ ओढून काढलं. पहिलं निदान साफ खोटं आहे. चंद्राच्या किंवा पृथ्वीच्या सावलीनं कुणाचा खांदा लुळा पडत नाही. दुसरं अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख.

मानेच्या मणक्यांमधून पाठीच्या कण्यातले मज्जातंतू बाहेर पडतात. त्यातली मानेची पाचवी ते आठवी मुळं आणि छातीचं पहिलं, अशी पाच मुळं एकत्र येऊन गळपट्टीच्या हाडामागे एक जाळं विणतात. त्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा, दंड, मनगट, बोटं, सगळ्यांचे हुकूम या जाळ्यातून जातात. वरची मुळं खांद्याकडे आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूंकडे, खालची बोटांकडे. आमच्या पोरीची मूठ शाबूत होती, म्हणजे दुखापत पाचव्या-सहाव्या मुळाला. याला अर्बचा लुळेपणा म्हणतात. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना या जाळ्याची इजा होते.

आता ती होते कशी? बाळाच्या डोक्याची रुंदी साधारण साडेनऊ सेंटीमीटर, खांद्यांची सुमारे बारा. आईच्या ओटीपोटाच्या हाडांचं वरचं तोंड आडवं मोजलं तर तेरा सेंटीमीटर, तिरकं बारा, पण पुढून मागे फक्त अकरा. म्हणून खांदे तिरके शिरले तर निघतात. ते सरळ पुढेमागे आले की पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाच्या अगदी पुढच्या हाडामागे, अडकतो. डोकं बाहेर येतं आणि कासवानं मान आत घ्यावी तसं परत मागे ओढलं जातं. प्रसूतिगृहातली अनुभवी माणसं ही खूण पाहताच सावध होतात.

त्या क्षणी डोकं बाहेर, खांदा आत, आणि मधे मान. आईच्या कळा बाळाचं धड खाली ढकलत राहतात, पण खांदा हाडाला टेकून थांबलेला असतो. डोकं आणि खांदा एकमेकांपासून दूर जातात, त्यांच्यामधला कोन उघडत जातो आणि जाळं दोन खुंट्यांमध्ये बांधलेल्या दोरीसारखं ताणलं जातं. त्यातच कुणी डोकं धरून बाजूला वाकवत खाली ओढलं तर कोन आणखी उघडतो. म्हणून काकूंचं निदान अर्धं खरं. ओढीनं इजा वाढते, पण नुसत्या कळांच्या जोरानंही ती होऊ शकते, आणि कुणी हातही न लावलेल्या बाळंतपणातही तसे लुळे हात आढळलेले आहेत. सिझेरियननं धोका खूप घटतो, पण शून्य होत नाही.

या ताणाचं गणित मला फार आवडतं. मज्जातंतू म्हणजे सुताची लडी समजा. आतले धागे सरळ नसतात, किंचित नागमोडी असतात. ताण आला की आधी ती नागमोड सरळ होते, तिथवर काही बिघडत नाही. पुढे धागे खरोखर लांबतात, त्यांच्यासोबतच्या बारीक रक्तवाहिन्या चिंचोळ्या होतात. सशांवरच्या प्रयोगांत मज्जातंतू साधारण ८ टक्के लांबला की त्यातलं रक्त मंदावताना दिसलं, १५ टक्क्यांच्या आसपास थांबलेलं दिसलं. त्याही पुढे गेलं तर धागे तुटतात, पण वेष्टण टिकतं. आणखी पुढे वेष्टणासकट सगळंच फाटतं. १९४३ साली सेडन या शल्यचिकित्सकानं याच तीन पायऱ्या मांडल्या: संदेश नुसता थांबलेला, धागा तुटलेला पण नळी शाबूत, आणि सगळंच तुटलेलं.

चौथी गत सगळ्यात वाईट. वरची मुळं मणक्याच्या खोबणीला अस्थिबंधांनी घट्ट बांधलेली असतात, म्हणून ती तुटली तर सहसा मणक्याबाहेर तुटतात आणि ती सांधता येतात. खालच्या दोन मुळांना असा आधार कमी असतो. ती रोप उपटावं तशी थेट मज्जारज्जूतून उपटली जातात आणि तिथे टाके घालायला काही उरत नाही. अशा बाळाची त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली बारीक झालेली दिसते, कारण छातीच्या पहिल्या मुळातून डोळ्याकडे जाणारे तंतूही तुटलेले असतात. १८८५ साली ऑगस्टा क्लुम्के या पॅरिसमधल्या तरुण विद्यार्थिनीनं हाताच्या आणि डोळ्याच्या खुणांचा हा दुवा जोडला. खालच्या मुळांच्या लुळेपणाला आजही तिचं नाव आहे.

धोका कुणाला जास्त? बाळ मोठं असेल, कळा देण्याचा टप्पा फार लांबला असेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला असेल, आधीच्या बाळंतपणात खांदा अडकला असेल तर. आणि आईला मधुमेह असेल तर विशेष. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. बाळ स्वतःचं इन्सुलिन भरपूर तयार करतं आणि चरबी साठवतं, तीही मुख्यतः धडावर आणि खांद्यांवर. डोकं नेहमीएवढंच, खांदे मात्र रुंद. तरीही खांदा अडकलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी चार किलोंच्या आतलीच असतात. सोनोग्राफीतलं वजन पाहून हे सगळं आधी ओळखता येईल असं कुणी ठामपणे सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.

अडकल्यावर काय करायचं हे मात्र नीट ठाऊक आहे. बाईचे दोन्ही गुडघे पोटाकडे जोरात दुमडायचे, म्हणजे ओटीपोटाचं हाड फिरतं आणि वाट मोकळी होते. मदतनिसानं जघनास्थीच्या अगदी वर दाब देऊन खांदा तिरका करायचा. मागचा हात आधी बाहेर काढायचा. पोटाच्या वरच्या टोकावर मात्र दाबायचं नाही. तसं दाबलं की खांदा हाडावर आणखी घट्ट बसतो. वर्षानुवर्षांची सवय म्हणून हे आजही केलं जातं, त्याचा मला राग येतो.

पायाळू बाळात हेच उलट्या बाजूनं घडतं. धड बाहेर, डोकं आत, कोन तोच. या दुखापतीचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण पायाळूच होता. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये, अठरा वर्षांच्या राजकन्येच्या पोटी जन्मलेला, पुढे जर्मनीचा कैसर झालेला दुसरा विल्हेल्म. त्याचा डावा हात जन्मभर लुळा आणि सुमारे पंधरा सेंटीमीटर आखूड राहिला. छायाचित्रांत तो हात तलवारीच्या मुठीवर टेकलेला किंवा हातमोजे धरलेला दिसतो. दरबारी वैद्यांनी तान्ह्याचा हात ताज्या मारलेल्या सशाच्या उबेत गुंडाळून ठेवला, विजेचे झटके दिले, डावा चालावा म्हणून उजवा बांधून ठेवला. आपल्याकडे पायाळू माणसाच्या लाथेनं भरलेली कंबर मोकळी होते म्हणतात, त्याच्यावर वीज पडते म्हणतात, गुप्तधनासाठी त्याला शोधतात. युरोपातल्या राजवाड्यातला ससा आणि आपल्या गावातली लाथ एकाच जातीची. विल्हेल्म जन्मला तेव्हा या लुळेपणाचं नीट वर्णनही झालेलं नव्हतं. द्युशेन या फ्रेंच वैद्यानं ते केलं १८७२ मध्ये, अर्ब या जर्मन वैद्यानं १८७४ मध्ये.

जन्मताना कधी चेहऱ्याचा मज्जातंतूही दुखावतो, पण त्याची गोष्ट वेगळी. तुमच्या कानामागे हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, तो नवजाताला जवळपास नसतो. त्यामुळे तिथून बाहेर पडणारा मज्जातंतू उघडाच असतो आणि चिमट्याच्या किंवा आईच्या हाडाच्या दाबानं दबतो. बाळ रडलं की तोंड एका बाजूला ओढलं जातं. हा दाब असतो, ताण नव्हे, म्हणून बहुतेक बाळं काही आठवड्यांत बरी होतात.

हाताकडे परत येऊ. तुटलेल्या धाग्याचा मज्जारज्जूपासून सुटलेला भाग मरतो. १८५० साली वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानं बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर हे दाखवून दिलं. नळी शाबूत असेल तर वरच्या टोकाकडून नवा धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. बाळाच्या मानेपासून दंडापर्यंत दहा सेंटीमीटर धरले तर शंभर दिवस. वाट पाहण्याची तीन महिन्यांची मुदत धरतात, ती साधारण या हिशेबाशी जुळते. तोवर कोपर वाकवणारा स्नायू जागा झाला नाही, तर लहान मुलांच्या मज्जातंतूंच्या शल्यचिकित्सकाला दाखवायचं. गरज पडली तर पायातला एक मज्जातंतू काढून त्याचा जोड देतात. वर्ष-दीड वर्ष वाट पाहत बसलं तर धागा पोचेपर्यंत स्नायूच वाळलेला असतो.

पहिल्या दिवसांत गळपट्टीचं हाड मोडलेलं नाही ना हे एक्स-रेनं पाहायचं. पुढे फिजिओथेरपिस्टनं शिकवल्याप्रमाणे दिवसातून अनेकदा सांधे हळुवार फिरवायचे, म्हणजे खांदा आखडत नाही. बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. अंघोळ घालणाऱ्या बाईंना हात ओढून ‘मोकळा’ करू द्यायचा नाही. आमच्या पोरीच्या आजीनं हे शेवटचं फार मनावर घेतलं. पहिल्याच दिवशी बाईंना तेलाची वाटी खाली ठेवायला लावली.

परवा तिचा फोन आला. पोर अकरा आठवड्यांची झाली आहे. दुपारी भूक लागल्यावर तिनं डावी मूठ वर नेली. ती तोंडापर्यंत पोचली नाही, छातीवरच थांबली. पण कोपर वाकलं होतं.