क्लोन ब्रूइंग

एखाद्या ब्रुअरीची बिअर बऱ्याचदा तिच्याच ब्रुअरने दिलेल्या रेसिपीवरून घरी बनवायची, बॅच साधारण 20 लिटरची, याला होमब्रुअर लोक क्लोन ब्रूइंग म्हणतात. हे रुजलं मुख्यतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला लागणारं लायसन्स 1963 मध्ये रद्द झालं, अमेरिकेत जिमी कार्टर यांनी 1978 मध्ये सही केलेला कायदा पुढच्या वर्षी लागू झाला. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे लायसन्सशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेली वेगळ्या चवीची बिअर, आली ती मायक्रोब्रुअरीतून, पुण्यात डूलाली 2009 मध्ये सुरू झाली तिथून.

ब्रुअर रेसिपी देतात तरी का? कारण त्यातले बरेचसे आधी होमब्रुअरच होते. सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीचे केन ग्रॉसमन ब्रुअरी काढायच्या आधी चिको गावात होमब्रूइंगच्या सामानाचं दुकान चालवायचे. रशियन रिव्हर या अमेरिकन ब्रुअरीच्या व्हिनी सिलुर्झो यांनी प्लायनी द एल्डर या 8 टक्के अल्कोहोलच्या डबल आयपीएची (आयपीए म्हणजे हॉप्सचा कडवटपणा आणि वास जास्त असलेली बिअर, डबल म्हणजे तिचा जास्त कडक प्रकार) रेसिपी होमब्रुअर्सना स्वतः दिली, आणि स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने तर 2016 मध्ये आपल्या 200 हून जास्त बिअर्सच्या रेसिपी 20 लिटरच्या मापात फुकट वाटल्या. माझ्या मते क्राफ्ट बिअरच्या जगातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

पण रेसिपी हातात आली म्हणजे तीच बिअर होईल असं नाही. मोठ्या ब्रुअरीच्या आकड्यांना नुसतं लिटरने भागून चालत नाही. घरच्या भांड्यात माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) साखर तेवढी निघत नाही, म्हणून कुठला माल्ट किती टक्के ते पकडायचं आणि मूळ ग्रॅव्हिटी, म्हणजे आंबवण्याआधीच्या द्रवाची साखरेमुळे आलेली घनता, जुळेल इतकं वजन घ्यायचं. हॉप्सचंही (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचंही) तसंच, त्यातलं कडवटपणा देणारं अल्फा आम्ल दर पिकाला बदलतं, म्हणून ग्रॅमपेक्षा कडवटपणाचा आकडा म्हणजे आयबीयू जुळवायचा. त्यात अजून एक गोम आहे, ब्रुअरीत उकळी बंद केल्यावरही शेकडो लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) व्हर्लपूलमध्ये, म्हणजे ते गोल फिरवून गाळ बसवायच्या टाकीत, बराच वेळ गरम राहतं आणि शेवटी टाकलेले हॉप्सही कडवटपणा देत राहतात, घरी आपण तांब्याच्या कॉइलने ते अर्ध्या तासात थंड करून टाकतो, मग बिअर फिकी लागते आणि दोष रेसिपीला जातो.

पाणीही बघावं लागतं. बर्टन ऑन ट्रेंटच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यामुळे तिथल्या पेल एलचा कडवटपणा धारदार, पिल्झेनचं पाणी अगदी मऊ म्हणून तिथल्या लागरचा तसा नाही. यीस्ट शक्यतो रेसिपीत लिहिलंय तेच घ्यावं, बदललं तर वास आणि चव दोन्ही बदलतात.

आयपीएमध्ये सगळ्यात जास्त घात होतो तो बाटलीत भरताना. ड्राय हॉपिंग झालेल्या, म्हणजे उकळीनंतर थंड बिअरमध्ये वासासाठी हॉप्स टाकलेल्या बिअरला हवा लागली की हॉप्सचा वास उडतो, रंग काळपट होतो, ब्रुअरीत हे काम कार्बन डायऑक्साइडखाली चालतं, घरी केग (बिअर साठवायचं धातूचं बंद पिंप) असेल तर तो आधी त्याच गॅसने भरून घ्यावा आणि बिअर नळीने तळाशी सोडावी.