दर्जा सिमेंटने भरल्या की भिंतीचं काय होतं?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या जुन्या भागात डागडुजीला वेग येतो. त्यात एक समज हमखास ऐकू येतो: चुना कच्चा, सिमेंट पक्कं. दगड-विटांमधल्या दर्जा, म्हणजे त्यांच्यामधले सांधे, एकदा सिमेंटने भरून घेतल्या की पुढची पन्नास वर्षं काळजी नको. पेशवेकालीन वाड्यांचं या एका समजुतीने फार नुकसान केलं आहे आणि त्यामागचं रसायनशास्त्र प्रत्येक नाशिककराला ठाऊक असायला हवं.

आधी आपला दगड. नाशिकचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला. त्यातल्या काही थरांत वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरली. त्यांचे देखणे स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघायला मिळतात. घट्ट बेसॉल्ट पाणी फारसं शोषत नाही. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर तर दगडात दगड बसवून उभारलेलं, त्यामुळे पुढचं विवेचन त्याला फारसं लागू नाही. गोदाकाठच्या वाड्यांची गोष्ट वेगळी. तिथे दगडी जोत्यावर वीट, लाकूड आणि चुना आहे, आणि वीट पाणी पिते.

गोदापात्रातला दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर आपण पूर मोजतो. पण पूर ओसरल्यावरही जमिनीतलं पाणी विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढत राहतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. हे पाणी शुद्ध नसतं. त्यात क्षार विरघळलेले असतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात. यालाच आपण भिंतीला खार फुटला म्हणतो.

या क्षारांतला सर्वांत विध्वंसक म्हणजे सोडियम सल्फेट. दिसायला साधी पांढरी पूड, कपडे धुण्याच्या पावडरीतही असते. त्याची दोन रूपं महत्त्वाची: एक निर्जल, त्याला थेनार्डाइट म्हणतात; दुसरं मिराबिलाइट, ज्याच्या स्फटिकात सोडियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू अडकलेले असतात. तेवढ्याच सोडियम सल्फेटचं मिराबिलाइट झालं की त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं. द्रावणात या दोघांची सीमारेषा ३२.४ अंश सेल्सिअसला आहे. नाशिकचा पारा वर्षभरात ही रेषा कितीदा ओलांडतो ते आठवा!

आता जरा नीट लक्ष द्या. वैशाखात भिंत कोरडी ठणठणीत, आतला क्षार निर्जल. मग पहिला पाऊस येतो. भिंत भिजते आणि थंड होते, समजा २५ अंशांवर. थेनार्डाइट झपाट्याने विरघळतं, १०० ग्रॅम पाण्यात जवळपास ५० ग्रॅमपर्यंत. पण याच तापमानाला मिराबिलाइटची विद्राव्यता सोडियम सल्फेटच्या हिशोबात सुमारे २८ ग्रॅमच आहे. म्हणजे एका रूपाच्या दृष्टीने जे द्रावण जेमतेम संपृक्त, ते दुसऱ्याच्या दृष्टीने कितीतरी अतिसंपृक्त झालं, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त क्षार झाला. हा जास्तीचा सगळा क्षार मिराबिलाइटच्या रूपात बाहेर पडू लागतो, तोही छिद्राच्या आत. स्फटिक छिद्राच्या भिंतीला टेकला तरी वाढ थांबत नाही, कारण दोघांच्या मध्ये द्रावणाचा अतिपातळ थर उरतो आणि त्यातून स्फटिकाला माल मिळत राहतो. अतिसंपृक्तता जितकी जास्त, तितका दाब जास्त. वीट वरून येणारा भार पेलते, पण आतून येणारा ताण तिला सोसत नाही. पोपडे सुटतात, पूड गळते. क्षार मात्र तिथेच असतो, पुढच्या पावसाची वाट बघत.

हे केवळ प्रयोगशाळेतलं कुतूहल नाही. बांधकामाच्या खडीचा टिकाऊपणा तपासताना आपले अभियंते ती सोडियम सल्फेटच्या द्रावणात बुडवतात, वाळवतात, पुन्हा बुडवतात आणि किती तुटली ते मोजतात. भारतीय मानकातच ही चाचणी आहे.

सिमेंट इथे दोन्हीकडून घात करतं. एक, त्यात स्वतःचेच विरघळणारे अल्कली आणि सल्फेट असतात, ते शेजारच्या विटेत उतरतात. दोन, सिमेंटची दर्ज घट्ट असते. चुन्याच्या दर्जेतून ओल सहज बाहेर पडते, क्षार तिथेच साचतो, चुना झिजतो, गवंडी काही वर्षांनी तो खरवडून नवा भरतो आणि वीट शाबूत राहते. सिमेंटने ही वाट बंद केली की ओल विटेच्या तोंडातून बाहेर पडते. जुन्या नाशकात अशा भिंती शोधायला फार फिरावं लागत नाही: सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे आलेल्या, मधल्या विटा खोल खंगलेल्या. पाणी न लागू देणारे रासायनिक लेप हेही असंच प्रकरण. ओलसर, खारट भिंतीवर ते चढवले की क्षार लेपाच्या मागे साचतो आणि पुढे अख्खा पापुद्राच सुटतो.

भिंतीवरचा हा पांढरा बुरा पाहून वास्तुदोषाची शांत करणारे आहेत, तसंच पूर्वजांच्या चुन्यात हरवलेलं गुप्त विज्ञान होतं असे संदेश पसरवणारेही आहेत. गूळ, उडीद, बेलफळ चुन्यात घालत हे खरं. पण गुळातली साखर चुन्याची विद्राव्यता वाढवते, हे तपासून सांगता येतं. त्यात गुप्त काही नाही.

तपासणीही समजण्याजोगी आहे. भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर बारीक भोक पाडून पूड घ्यायची, वजन करायचं, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचं; ओल कुठवर चढली ते कळतं. त्याच पुडीतले क्षार पाण्यात उतरवून मोजता येतात. क्ष-किरणांनी स्फटिक ओळखताना मात्र सावध राहावं लागतं, कारण मिराबिलाइट कोरड्या हवेत वाटेतच पाणी गमावतं आणि अहवालात थेनार्डाइट येतं. साचलेला क्षार काढायला ओल्या कागदाच्या लगद्याचा थर भिंतीवर देऊन वाळू देतात. वाळताना तो क्षार ओढून घेतो.

आणि चुन्याला वेळ द्यावा लागतो. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, तेही बाहेरून आत, सावकाश आणि थोडी ओल टिकली तरच. म्हणून ही कामं पावसाळा सरल्यावर सुरू करावीत, ओलं गोणपाट लावून सांभाळावीत, मे महिन्याच्या उन्हात उरकू नयेत. ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी भरलेल्या दर्जेचा एक तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे न मुरलेल्या चुन्यावर गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन थेंब टाकावेत. आतला भाग गर्द गुलाबी झाला, तर तिथला चुना अजून मुरायचा आहे.