नवा कॅमेरा घेण्याआधी जुन्याची परीक्षा

दिवाळीच्या ऑफर लागल्या की मुंबईच्या फोर्टात, बोरा बाझारच्या दुकानांत, काउंटरवर पहिला प्रश्न हमखास येतो: "हा किती मेगापिक्सेलचा?" प्रश्नात गैर काही नाही, पण त्याच्या उत्तरावरून फोटो कसा येईल ते फारसं कळत नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० बिंदूंचा असतो, ३३ मेगापिक्सेलचा साधारण ७००८ × ४६७२. आकडा नऊने वाढला, रुंदी मात्र जेमतेम १७ टक्क्यांनी. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे आणि बारीक तपशील लांबी-रुंदीत मोजला जातो, म्हणून तपशील दुप्पट हवा तर मेगापिक्सेल चौपट लागतात. हात जरासा हलला की ते १७ टक्केही उरत नाहीत.

मग पैसे घालायचे कशात? ते ठरवण्याआधी हातातला कॅमेरा नेमका कुठे कमी पडतो हे शोधावं लागतं. फोटो हाताच्या हलण्याने बिघडतो, फोकस चुकल्याने बिघडतो, लेन्समुळे, अपुऱ्या प्रकाशामुळे किंवा कॅमेऱ्याच्या आत होणाऱ्या प्रक्रियेमुळे बिघडतो. सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, क्रम या सगळ्यांनंतर लागतो. बहुतेक लोक नेमके सेन्सरपासून सुरू करतात, कारण तो विकत आणता येतो आणि स्थिर हात आणता येत नाही.

भिंतीवरच्या छोट्या जाहिराती

या परीक्षेला महागडा चार्ट लागत नाही. मराठी वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान पुरतं. त्याचे अर्ध्या पानापेक्षा लहान पाच तुकडे करा आणि भिंतीवर चिकटपट्टीने अगदी सपाट लावा: एक मध्यभागी, चार कोपऱ्यांत. मधल्या तुकड्याच्या बरोबर मध्ये पर्समधला छोटा सपाट आरसा चिकटवा. कॅमेऱ्यातून बघताना आरशात स्वतःच्याच लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये दिसलं, की कॅमेरा भिंतीला समांतर आहे. डोळ्याच्या अंदाजाने केलं की एक बाजू थोडी जवळ येते आणि विनाकारण लेन्सवर आळ येतो.

एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स लावून ३ मीटरवरून बघितलं, तर भिंतीचा साधारण १.४ मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. दहा बाय दहाच्या खोलीत यासाठी ट्रायपॉड समोरच्या भिंतीला टेकवावा लागेल. नाहीच जमलं तर दार उघडून पॅसेजमधून फोटो घ्या. पंखा बंद करा, नाहीतर कागद फडफडतो. आयएसओ (संकेत किती मोठा करायचा तो आकडा) १००, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हाताचं हलणं सावरणारी सोय) बंद, टायमर निदान २ सेकंदांचा, स्क्रीनवर १० पट मोठं करून हाताने फोकस, आणि फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) अधिक जेपेग (कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेला फोटो). मग अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, बदलत फोटो घ्या (एफ/चा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक): लेन्स पूर्ण उघडी, नंतर एफ/४, ५.६, ८ आणि १६.

आता अक्षरं बघा. या अंतरावर २४ मेगापिक्सेलमध्ये २ मिलिमीटर उंचीच्या अक्षराला जेमतेम ८ पिक्सेल मिळतात, १२ मेगापिक्सेलमध्ये ६. देवनागरी इथे उत्तम कामाला येते: 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' यांच्या आतल्या पोकळ्या मोकळ्या दिसतात की काळ्या शाईने भरून आल्यासारख्या दिसतात, त्यावरून लगेच निवाडा होतो. एफ/५.६ ते ८ च्या दरम्यान सगळ्यात स्वच्छ आलेला फोटो बाजूला काढा. तुमचा कॅमेरा आणि ही लेन्स मिळून जास्तीत जास्त काय देऊ शकतात ते त्या फोटोत आहे. पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी करायची.

एफ/१६ चा फोटो मऊ दिसला तर घाबरू नका. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. एफ/१६ ला एका बिंदूची ठिपकी सुमारे २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद होते, आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक बिंदू पाच पिक्सेलांवर पसरला. हे प्रकाशाच्या स्वभावातच आहे, पिक्सेल वाढवून ते सुटत नाही. एफ/१६ चा दुसरा उपयोग मात्र करून घ्या: पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम फोकस घालवून फोटो काढा. राखाडी डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.

एकच कोपरा बाकीच्या तिघांपेक्षा मऊ आला तर कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा, म्हणजे डोक्यावर उभा करून तोच फोटो पुन्हा घ्या. मऊपणा भिंतीवरच्या त्याच तुकड्यावर राहिला, तर दोष मांडणीत आहे. चौकटीच्या त्याच कोपऱ्याबरोबर फिरून दुसऱ्या तुकड्यावर गेला, तर लेन्समधलं एखादं भिंग सरकलेलं आहे. अशा लेन्सला नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) लावली, तर नव्या बॉडीवर तोच कोपरा मऊ येणार.

मग ट्रायपॉड सोडा. हातात धरून १/३०, १/६०, १/१२५, १/२५० आणि १/५०० सेकंदाला प्रत्येकी दहा फोटो घ्या आणि बाजूला काढलेल्या फोटोइतके स्वच्छ किती आले ते मोजा. जुना नियम सांगतो की शटर स्पीड निदान १ भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) इतका ठेवा. एपीएस-सीवर सेन्सर लहान असल्याने ५० एमएमला तो सुमारे १/७५ होतो. आजच्या दाट सेन्सरांवर त्याच्या दुप्पट वेग धरलेला बरा. फोकसची परीक्षाही सोपी आहे: डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, ऑटोफोकस करून पाच फोटो, दर वेळी फोकस आधी अनंतावर नेऊन. मग लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, ऑटोफोकस करून पाच. दुसरे पाच सातत्याने चांगले आले, तर व्ह्यूफाइंडरच्या फोकसची यंत्रणा सरकलेली आहे. वरच्या दर्जाच्या बऱ्याच बॉडींत ती मेनूमधून दुरुस्त करता येते, सुरुवातीच्या मॉडेलांत सहसा सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा घोटाळा तिथे होत नाही. मिररलेस घ्यायचं हे एक खरं कारण आहे आणि जाहिरातीत ते क्वचितच दिसतं.

प्रकाशाचा हिशेब

रात्री घरात ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो दाणेदार येतो आणि दोष सेन्सरच्या माथी मारला जातो. दाणे मुळात प्रकाशातच असतात. प्रकाश कणाकणाने येतो, आणि एका पिक्सेलवर सरासरी जितके कण पडतील त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार कायम असतो. गालावरच्या उजळ भागात १०,००० कण मोजले गेले तर चढउतार १००, म्हणजे १ टक्का, डोळ्याला जाणवतही नाही. काळ्या केसांत १०० कण आले तर चढउतार १०, म्हणजे १० टक्के, आणि केसांत मीठ-मिरी पेरल्यासारखी दिसते. आयएसओ वाढवल्याने कण वाढत नाहीत, मिळालेला संकेत फक्त मोठा होतो. आजचे सेन्सर त्यांच्यावर पडलेल्या कणांपैकी निम्म्याच्या आसपास मोजतात, म्हणजे उद्या कोणी निर्दोष सेन्सर बनवला तरी प्रकाश फार तर दुप्पट मोजला जाईल. फोटोग्राफीच्या भाषेत या दुपटीला एक स्टॉप म्हणतात.

आता खर्चाकडे या. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६७. तेच अॅपर्चर, तोच शटर स्पीड आणि तीच चौकट ठेवली, तर फुल फ्रेमला सुमारे २.३५ पट प्रकाश मिळतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स ५५ एमएमच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. तिच्या जागी ५० एमएम एफ/१.८ लावली, तर प्रकाश जवळजवळ ९.७ पट होतो. बॉडी तीच आणि खर्च फुल फ्रेम बॉडीच्या मानाने किरकोळ. इथे बहुतेकांचा प्रश्न सुटायला हवा.

पूर्ण मात्र सुटत नाही. एपीएस-सीवर ५० एमएम एफ/१.८ ने २ मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर फोकसमध्ये असलेली जाडी उणीपुरी ११ सेंटिमीटर भरते. हळदीला नवरी फोकसमध्ये आणि तिच्या मागे उभी असलेली मावशी धूसर, असं होतं. एफ/२.८ ला ही जाडी १८ सेंटिमीटर होते आणि प्रकाश तरीही किट लेन्सच्या चौपट राहतो. घरातल्या कार्यक्रमाला तेच सोयीचं.

कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या जेपेगवरून सेन्सरला पास-नापास करू नका. दाणे पुसताना कॅमेरा पैठणीच्या काठाची बारीक वीण आणि त्वचेचा पोतही पुसतो, आणि किती पुसायचं हे प्रत्येक कंपनीने आपल्या आवडीने ठरवलेलं असतं. जुन्या रॉ फाइल्स आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. दाणे काढायच्या पद्धती खूप सुधारल्या आहेत आणि त्याचा फायदा दहा वर्षांपूर्वीच्या रॉ फाइललाही मिळतो. फोन रात्री कॅमेऱ्याला मागे टाकतो त्याचं कारणही प्रक्रियाच आहे: तो अनेक फोटो घेऊन एकावर एक रचतो. ९ फोटो रचले की दाणेदारपणा एक तृतीयांशावर येतो. समोरची वस्तू हलली की ही युक्ती कोलमडते.

एकाच आकारावर तुलना

दोन कॅमेऱ्यांचे फोटो १०० टक्के झूम करून शेजारी ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर बघणं म्हणजे सुमारे १.६६ मीटर, साडेपाच फूट, रुंदीचा प्रिंट दोन फुटांवरून न्याहाळणं. घरात इतका मोठा प्रिंट कोण लावतं? शिवाय जास्त मेगापिक्सेलचा फोटो या पद्धतीत जास्त मोठा केला जातो, म्हणून नवा कॅमेरा उगाच जास्त दाणेदार दिसतो. दोन्ही फोटो ३००० × २००० ला आणा आणि मग बघा.

पडद्यापेक्षा प्रिंट जास्त खरं सांगतो. लॅबमध्ये नेहमी मिळणाऱ्या १२ × १८ इंची प्रिंटला इंचाला ३०० बिंदूंच्या हिशेबाने १९.४ मेगापिक्सेल लागतात, ८ × १२ ला ८.६, आणि ४ × ६ ला २.२ पुरतात. ४के टीव्हीचा पडदाच मुळात ८.३ मेगापिक्सेलचा असतो. २० × ३० इंचाचा प्रिंट कसा दिसेल हे बघायला पूर्ण प्रिंट काढू नका. ६००० × ४००० च्या फोटोतून १२०० × ८०० चा तुकडा कापा आणि तो ४ × ६ वर छापून घ्या. मोठ्या प्रिंटमधला तेवढाच भाग तुमच्या हातात आला. जुन्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या ४२८८ × २८४८ च्या फोटोतून त्यासाठी साधारण ८५८ × ५७० चा तुकडा लागेल. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला बजावून सांगा, नाहीतर तुलना दोन कॅमेऱ्यांची न होता त्याच्या मशीनची होईल. प्रिंटच्या मागे पेन्सिलने खूण करा आणि कोणता कशाचा हे न सांगता घरच्यांना दाखवा.

दुकानात आणि बाहेर

दुकानात जाताना आपलं मेमरी कार्ड, जुना कॅमेरा आणि तीच लेन्स बरोबर न्या. दोन्हीकडे मॅन्युअलवर तेच अॅपर्चर आणि तोच शटर स्पीड ठेवा. 'आयएसओ ६४००' हा आकडा सगळ्या कंपन्यांकडे एकच गोष्ट सांगत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर काही फोटो काळपट आणि काही पिवळट येतील. सायलेंट शटरवर (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर) आडवे पट्टे उमटतात, ते सेन्सरचं नुकसान समजू नका.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाण्यापलीकडच्या इमारतींवर टेलिफोटो लेन्स तपासायची हौस अनेकांना असते. दुपारी पाण्यावरची तापलेली हवा आणि धुरकं मिळून कोणतीही लेन्स मऊ करतात. पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर सकाळी तपासा, किंवा समोरच्या इमारतीच्या खिडकीच्या ग्रिलवर, जवळून. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढल्यावर काचेवर दव धरतं, म्हणून बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या. आणि लेन्समधून टॉर्च मारून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती सहज लागते, आणि मग फोटो फिके येतात. जुना माल घेताना तर हे बघितल्याशिवाय पैसे देऊच नका.

एवढं करूनही जुनी बॉडीच कमी पडते असं दिसलं, तर कारणं बहुधा वेगळीच निघतात. शिवडीच्या खाडीवर उडणारे फ्लेमिंगो १/२००० सेकंदाला टिपताना फोकस मागे पडतो. खिडकीच्या उजेडासाठी एक्स्पोजर कमी ठेवलेली रॉ फाइल तीन स्टॉप उजळली की काही जुन्या सेन्सरांवर सावलीत रेघा उठतात. अशा वेळी नवी बॉडी घ्यायला हरकत नाही. विकत घेण्याआधी अंधेरीच्या एखाद्या भाड्याच्या दुकानातून तीच बॉडी शनिवार-रविवार आणा. डिपॉझिट आणि ओळखपत्र लागेल. त्या दोन दिवसांत तिच्या रॉ फाइल्स तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात का तेही बघून घ्या. नव्या मॉडेलची रॉ जुनं सॉफ्टवेअर ओळखत नाही, आणि २४ मेगापिक्सेलची १४ बिटची न दाबलेली एक फाइल ४२ एमबीच्या खाली येत नाही, तेव्हा हार्ड डिस्कचा खर्चही त्याच यादीत धरावा लागतो.